तिकीट एकाचे, जोखीम गावाची

१२ सप्टेंबर २०२० रोजी ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा हंगामातील पहिला सामना झाला. हंगामाचे तिकीट घेतलेल्या विद्यार्थ्यांनी स्टेडियममध्ये येण्यापूर्वी कोविडची चाचणी करून घेतलीच पाहिजे, अशी अट विद्यापीठाने घातली होती. त्यानुसार तपासल्या गेलेल्या सुमारे १,२०० विद्यार्थ्यांपैकी ९५ जण बाधित निघाले आणि त्यांना प्रवेश मिळाला नाही. ही अट नसती तर हे ९५ तरुण त्या संध्याकाळी गॅलरीत बसून घसा कोरडा होईपर्यंत ओरडले असते. मात्र त्याच सामन्याला आलेल्या सुमारे पंधरा हजार प्रेक्षकांपैकी जे विद्यार्थी नव्हते, म्हणजे माजी विद्यार्थी, देणगीदार, शहरातील कुटुंबे, त्यांच्याकडे कोणीही चाचणीचा कागद मागितला नाही. विशीतल्या मुलांना या आजाराचा धोका कमी आणि पन्नाशी-साठीच्या प्रेक्षकांना जास्त, हे तोवर सर्वांना माहीत होते. तरीही सक्ती झाली ती मुलांवर, कारण विद्यार्थी विद्यापीठाच्या मुठीत असतो आणि देणगीदाराच्या मुठीत विद्यापीठ असते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या प्रेक्षकांसाठी साथीच्या काळात जे नियम झाले, त्यांचा विचार या एका सामन्यापासून करणे मला योग्य वाटते. त्या नियमांवर तिथे दोन टोकांचा वाद झाला. एका बाजूचे म्हणणे होते की स्टेडियम उघडणेच गुन्हा आहे, तर दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते की ज्याने त्याने आपली जोखीम आपण उचलावी, त्यात विद्यापीठाने किंवा सरकारने पडू नये. माझे मत असे की दोन्ही बाजू चुकीच्या माणसाबद्दल बोलत होत्या. प्रेक्षकासाठीचा आरोग्यनियम प्रेक्षकाला वाचवण्यासाठी नसतोच. तो ज्यांनी तिकीट काढलेले नाही त्यांच्यासाठी असतो. हे एकदा मान्य केले की नियम कोणता असावा, तो कुठे तपासावा, कोणी करावा आणि कधी मागे घ्यावा, या प्रश्नांची उत्तरे बरीच वेगळी येतात.

महाविद्यालयीन खेळ म्हटले की आपल्यासमोर आंतरमहाविद्यालयीन कबड्डी किंवा विद्यापीठ स्पर्धांचे अर्धे रिकामे मैदान उभे राहते. अमेरिकेतील प्रकार निराळा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमची आसनक्षमता १,०७,६०१ आहे. पेन्सिल्व्हेनियातील स्टेट कॉलेज नावाच्या गावाची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास आणि तिथल्या विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक माणसे बसतात. अलाबामातील टस्कलूसा शहराची लोकसंख्या सुमारे एक लाख आणि स्टेडियमही तेवढेच. सामन्याच्या शनिवारी अशा गावात गावाएवढेच दुसरे गाव येऊन उतरते, सकाळपासून वाहनतळांवर मोटारींच्या डिक्या उघडून, शेगड्या पेटवून खाणेपिणे चालते, रात्री दारूचे गुत्ते ओसंडून वाहतात आणि रविवारी सगळे आपापल्या घरी परततात. मागे राहते ते गाव, त्यातले दुकानदार, प्रवेशद्वारावर तिकिटे तपासणारे आणि खाद्यपदार्थ विकणारे तासावारी मजुरीवरचे लोक आणि अतिदक्षता विभागात मोजक्याच खाटा असलेले तिथले रुग्णालय. विद्यार्थी, प्राध्यापक आणि कर्मचारी यांच्या आरोग्याची जबाबदारी ज्या संस्थेवर आहे, तीच संस्था या गर्दीची यजमान असते, ही गोष्ट व्यावसायिक खेळांहून वेगळी आहे. शिवाय २०२० मध्ये मैदानावर खेळणाऱ्या मुलांना या खेळाचा पगारही मिळत नव्हता. तिकिटांचे आणि प्रक्षेपण हक्कांचे उत्पन्न मात्र कोट्यवधी डॉलरचे होते.

साथीच्या पहिल्या धक्क्यात निर्णय झटपट झाले. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला जागतिक साथ म्हटले, त्याच दिवशी राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, आपली बास्केटबॉलची मोठी स्पर्धा प्रेक्षकांविना घेण्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्दच केली. १९३९ मध्ये सुरू झालेली पुरुषांची स्पर्धा त्यापूर्वी एकदाही चुकली नव्हती, दुसऱ्या महायुद्धातही नाही. पण उन्हाळ्यानंतर फुटबॉलचा हंगाम आला आणि एकवाक्यता संपली. आयव्ही लीग या जुन्या, नामवंत विद्यापीठांच्या गटाने जुलैमध्येच शरद ऋतूतील सर्व खेळ थांबवले. बिग टेन या विद्यापीठांच्या मोठ्या गटाने ११ ऑगस्टला हंगाम पुढे ढकलला, सप्टेंबरात निर्णय फिरवला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस सामने सुरू केले, पण सर्वसामान्यांना तिकीटविक्री न करता. गॅलरीत दिसले ते खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे कुटुंबीय. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या दक्षिणेकडील विद्यापीठांच्या गटाने, म्हणजे एसईसीने, २६ सप्टेंबरला खेळ सुरू केला आणि किती प्रेक्षक घ्यायचे ते राज्याच्या आणि स्थानिक नियमांच्या चौकटीत प्रत्येक विद्यापीठावर सोपवले. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या एक लाखाहून अधिक आसनांच्या स्टेडियममध्ये त्या दिवशी सुमारे २४ हजार माणसे होती. म्हणजे एकाच शनिवारी, एकाच खेळासाठी, एका राज्यात चोवीस हजार आणि दुसऱ्या राज्यात शून्य, असे चित्र त्या शरद ऋतूत सर्रास दिसले.

राज्याराज्यांत नियम वेगळे असण्यात मला मुळीच गैर वाटत नाही. साथ सगळीकडे सारखी नव्हती, मग नियम तरी का असावेत? आक्षेप आहे तो आकड्यांच्या मागच्या विचाराला. खेळाडूंच्या बाबतीत बिग टेनने रोजची चाचणी ठेवली होती आणि संघातील बाधितांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेले की सराव आणि सामने किमान सात दिवस बंद, अशा स्वरूपाची मर्यादा लेखी घालून दिली होती. ही मर्यादा बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो, पण ती मर्यादा होती, आजाराच्या मोजमापाशी बांधलेली होती आणि आधी जाहीर केलेली होती. प्रेक्षकांसाठी मात्र वीस टक्के, पंचवीस टक्के असे गोल आकडे आले, आणि ते आसनक्षमतेचे होते, आजाराचे नव्हते. गावातील रुग्णालयाच्या खाटा भरल्या तर पंचवीसचे दहा होणार का, रुग्ण घटले तर पन्नास होणार का, याचे उत्तर कुणी आधी देऊन ठेवले नाही. असा आकडा राजकारणाच्या आणि पराभवाच्या ताणाखाली टिकत नाही.

त्याचा नमुना फ्लोरिडाने दाखवला. तिथल्या राज्यपालांनी सप्टेंबर २०२० च्या अखेरीस निर्बंध उठवले, तरी फ्लोरिडा विद्यापीठाने आपल्या स्टेडियमची मर्यादा सुमारे १७ हजारांवर ठेवली होती. १० ऑक्टोबरला फ्लोरिडाचा संघ टेक्सास ए अँड एमच्या मैदानावर ४१-३८ असा हरला. तिथल्या प्रेक्षकांच्या आरड्याओरड्याने सामना फिरला असे वाटून प्रशिक्षक डॅन मलन यांनी सामना संपल्यावर जाहीरपणे मागणी केली की पुढच्या आठवड्यात आपले स्टेडियम नव्वद हजारांनी भरू द्यावे. विद्यापीठाने ते मानले नाही, हे त्याच्या पदरात घातलेच पाहिजे. काही दिवसांतच त्या संघात संसर्ग पसरला, वीसहून अधिक खेळाडू बाधित झाले, पुढचा सामना डिसेंबरपर्यंत ढकलावा लागला आणि खुद्द मलन यांनाही कोविड झाला. यात काव्यगत न्याय शोधण्याचा मोह अनेकांना झाला. मला त्यात प्रेक्षकसंख्येचा निर्णय कोणाच्या हाती नसावा याचा दाखला दिसतो. ज्याची नोकरी येत्या शनिवारच्या निकालावर अवलंबून आहे, त्याच्याकडून गावाच्या रुग्णालयाचा विचार होईल अशी अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्याय आहे.

आता 'माझी जोखीम मी घेतो' या युक्तिवादाकडे येऊ, कारण तो वरवर फार स्वच्छ दिसतो. सज्ञान माणसाने पैसे देऊन तिकीट घेतले, त्याच्या मागे छापलेली सूचना वाचली, आजारी पडण्याची शक्यता त्याने मान्य केली, मग इतरांनी बोलण्याचे कारण काय? गिर्यारोहकाला हे म्हणता येते, कारण तो दरीत पडला तर खालच्या वाडीतली माणसे त्यामुळे पडत नाहीत. संसर्गजन्य आजारात जोखीम घेणारा आणि जोखीम भोगणारा एकच असेल याची हमी नसते. शनिवारी गॅलरीत बसलेला बाधित प्रेक्षक सोमवारी आपल्या कचेरीत असतो, बुधवारी आईला भेटायला जातो. आणि ज्या मुलीने त्याला स्टेडियममध्ये शीतपेयाचा पेला भरून दिला तिने कोणतीही सूचना मान्य केलेली नसते, तिने फक्त त्या दिवसाची पाळी घेतलेली असते. तिला घरी राहण्याचे स्वातंत्र्य होते असे म्हणणारे बहुधा पगारी रजा मिळणारे असतात.

अर्थात नियम दुसऱ्यांसाठी आहे एवढ्याने कोणताही नियम योग्य ठरत नाही. तो पाळून घेता आला पाहिजे. २०२० च्या हंगामात बहुतेक स्टेडियममध्ये दोन नियम होते, अंतर ठेवा आणि मास्क लावा. पहिला नियम आसनांच्या वाटपातून आपोआप पाळला जातो, निदान सामना सुरू होईपर्यंत. दुसरा नियम वीस हजार माणसांनी चार तास, खातपीत, ओरडत, उड्या मारत स्वतःहून पाळायचा होता. १९१८ च्या साथीतले एक छायाचित्र २०२० मध्ये पुष्कळ फिरले. अटलांटामधील जॉर्जिया टेकच्या मैदानावरील गॅलरीत तोंडावर कापडी पट्ट्या बांधून बसलेले प्रेक्षक त्यात दिसतात आणि 'बघा, शंभर वर्षांपूर्वीचे लोक शहाणे होते' असे म्हणत ते दाखवले जाई. पण ते नीट पाहिले तर काही प्रेक्षकांच्या पट्ट्या हनुवटीवर उतरलेल्या दिसतात. गॅलरीतला मास्क ही एका शतकात फारशी न बदललेली गोष्ट आहे. जो नियम मोडताना सगळे सगळ्यांना पाहतात आणि कुणालाच काही होत नाही, तो नियम उरलेल्या नियमांचीही पत घालवतो.

७ नोव्हेंबर २०२० च्या रात्री इंडियानातील नोत्र दाम विद्यापीठात हे अगदी जवळून दिसले. त्या विद्यापीठाने काळजी कमी घेतली असे म्हणता येणार नाही. सत्त्याहत्तर हजारांहून अधिक आसनांच्या स्टेडियममध्ये त्या दिवशी सुमारे अकरा हजारच माणसे होती आणि प्रवेश मुख्यतः विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी आणि संघाचे कुटुंबीय यांच्यापुरता ठेवला होता. विद्यार्थ्यांना अंतर ठेवून बसवले होते. पहिल्या क्रमांकाच्या क्लेमसन संघावर नोत्र दामने दुहेरी जादा वेळेत ४७-४० असा विजय मिळवला आणि पुढच्याच मिनिटाला ते सगळे विद्यार्थी कठडे ओलांडून मैदानात उतरले, खांद्याला खांदा लावून. कित्येक आठवडे आखलेली आसनव्यवस्था तिथे संपली. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाचे अध्यक्ष जॉन जेन्किन्स यांनी विद्यार्थ्यांना पत्र लिहून सुट्टीला घरी जाण्यापूर्वी चाचणी सक्तीची केली आणि ती न केल्यास पुढच्या सत्राची नोंदणी रोखली जाईल असे बजावले. मुलांनी त्यांना त्यांच्याच एका प्रसंगाची आठवण करून दिली, आणि ती द्यायला नको होती असे मला म्हणवत नाही. सप्टेंबरअखेर न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांच्या सर्वोच्च न्यायालयावरील नामनिर्देशनासाठी व्हाइट हाउसच्या बागेत झालेल्या समारंभात जेन्किन्स मास्क न लावता हस्तांदोलन करताना दिसले होते आणि नंतर स्वतः बाधित निघाले होते. त्यांनी माफीही मागितली होती. तरीही त्यांचे नोव्हेंबरचे पत्र चुकीचे नव्हते. चाचणीची अट सामन्याच्या आधी न लावता नंतर लावली गेली, चूक तिथे होती. दोन महिन्यांपूर्वी ऑस्टिनमध्ये ९५ विद्यार्थी दारातच कसे थांबवता आले, हे सर्वांसमोर होते.

माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. जे दारावर तपासता येते तेच नियमात असावे: किती माणसे आत सोडायची, कोणत्या कागदावर सोडायची, कोणत्या दाराने कोणत्या वेळी सोडायची. गॅलरीतल्या वर्तनाबद्दल विनंती करावी, हवे तर दर दहा मिनिटांनी करावी, पण तिच्यावर सुरक्षिततेचा हिशेब उभा करू नये.

याविरुद्ध एक वजनदार आक्षेप आहे आणि तो बाजूला सारणे अप्रामाणिकपणाचे होईल. उघड्या मैदानावर संसर्ग पसरतो तरी किती? २०२० च्या हंगामातील सामने आणि त्या त्या परिसरातील रुग्णसंख्या यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत एकमत नाही. मर्यादित प्रेक्षकांच्या फुटबॉल सामन्यांमुळे रुग्ण लक्षणीय वाढले असे दिसत नाही, असा निष्कर्ष एका अभ्यासाने काढला, तर व्यावसायिक फुटबॉलच्या मोठ्या गर्दीच्या सामन्यांनंतर दोन-तीन आठवड्यांनी वाढ दिसली असे दुसऱ्याने म्हटले. २०२१ च्या शरद ऋतूत तर स्टेडियम खच्चून भरली, अमेरिकी सरकारचे साथरोगतज्ज्ञ डॉ. अँथनी फाउची यांनी त्याविषयी नापसंती व्यक्त केली. आणि तरीही दक्षिणेतील डेल्टाची लाट त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओसरत गेली. ज्यांनी प्रत्येक सामन्यानंतर प्रेतांचे खच पडतील अशी भाकिते केली होती, त्यांनी निर्बंधांच्या बाजूचे नुकसानच केले.

पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष 'नियमच नको' असा नाही. मर्यादित गर्दीमुळे रुग्ण वाढले नाहीत, याचा एक अर्थ मर्यादा उपयोगी पडली असाही होतो. दुसरे असे की सामना म्हणजे फक्त गॅलरी नव्हे. मोकळ्या हवेतील चार तासांपेक्षा त्याच्या आधीचे आणि नंतरचे बारा तास महत्त्वाचे असतात: चार-चार जण कोंबलेल्या मोटारी, हॉटेलच्या खोल्या, स्वच्छतागृहांच्या रांगा, रात्रीचे गुत्ते. टस्कलूसाच्या महापौरांनी ऑगस्ट २०२० मध्ये, सामने सुरू होण्याच्या महिनाभर आधी, शहरातील गुत्ते दोन आठवडे बंद केले होते, कारण विद्यार्थी परतताच विद्यापीठात रुग्ण झपाट्याने वाढले. तिथल्या संघाने ११ जानेवारी २०२१ रोजी राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले तेव्हा सामना मायामीजवळ होता आणि स्टेडियममध्ये जेमतेम पंधरा हजार माणसे अंतर ठेवून बसली होती. पण हजार किलोमीटरहून अधिक दूर टस्कलूसाच्या रस्त्यावर हजारोंची दाटी झाली. दारावरची अट या गर्दीला लागू होत नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच सामन्याचा निर्णय स्टेडियमच्या भिंतीपुरता घेता येत नाही, तो नगरपालिकेशी आणि रुग्णालयाशी बोलून घ्यावा लागतो. वाहनतळावरची पंगत बंद करण्याचा जो निर्णय अलाबामा विद्यापीठाने २०२० मध्ये घेतला, त्यावर चाहते सर्वांत जास्त चिडले; माझ्या मते त्या हंगामातील तो सर्वांत शहाणा निर्णय होता.

लस आल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलले. ऑगस्ट २०२१ मध्ये लुइझियानात रुग्णालयांत दाखल कोविडरुग्णांची संख्या तीन हजारांच्या वर गेली होती, साथ सुरू झाल्यापासूनचा तो उच्चांक होता. २३ ऑगस्टला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फायझरच्या लशीला पूर्ण मान्यता दिली आणि दुसऱ्याच दिवशी लुइझियाना स्टेट विद्यापीठाने, म्हणजे एलएसयूने, जाहीर केले की १,०२,३२१ आसनांचे टायगर स्टेडियम पूर्ण भरू दिले जाईल, पण बारा वर्षांवरील प्रत्येकाने लस घेतल्याचा पुरावा किंवा गेल्या ७२ तासांतील पीसीआर चाचणीचा नकारात्मक अहवाल दाखवला पाहिजे. ओरेगन राज्यातील दोन मोठ्या विद्यापीठांनीही त्याच महिन्यात तशीच अट घातली. एलएसयूच्या दारावर लसीचे मूळ कार्ड चालत असे, त्याचे छायाचित्र चालत असे आणि राज्याच्या ज्या फोन-अॅपमध्ये लोक आपला वाहनपरवाना ठेवत त्यात उमटलेली नोंदही चालत असे. थोडक्यात, तिकिटाबरोबर फोनवर आणखी एक पान उघडायचे. दक्षिणेतल्या, फुटबॉलवेड्या, लशीबद्दल साशंक असलेल्या राज्यात हे घडले. विद्यार्थी आणि देणगीदार यांना एकच नियम लागला. ऑस्टिनच्या पहिल्या सामन्यात जे झाले नव्हते ते इथे झाले.

ऑस्टिनमध्ये मात्र २०२१ मध्ये असा नियम करणे विद्यापीठाच्या हाती उरले नव्हते. टेक्सासच्या राज्यपालांनी सरकारी संस्थांना लसीचा पुरावा मागण्यास मनाई केली होती, आणि फ्लोरिडाने तर कायदाच करून असा पुरावा मागणाऱ्यास दर माणसामागे पाच हजार डॉलरपर्यंत दंड ठेवला. हे सर्व व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्समधील एका गृहस्थाने देवीची लस नाकारली म्हणून त्याला पाच डॉलर दंड झाला होता आणि १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला होता. एका शतकात दंडाची दिशा उलटली आणि रक्कम हजारपट झाली. लस नाकारणाऱ्याचे स्वातंत्र्य मला समजते. त्याला फुटबॉल पाहायला नेऊन बसवणे हे यजमानाचे कर्तव्य कसे ठरते, ते समजत नाही. यजमानाला आपल्या दारावर अट घालण्याचे स्वातंत्र्य नाकारणारा कायदा स्वातंत्र्याचा कसा, याचे उत्तर त्या राज्यांतील पुढाऱ्यांनी दिलेले नाही. दुसरीकडे, मिशिगनसारख्या विद्यापीठांना असा अडसर नसताना त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना लस सक्तीची केली, पण शनिवारी येणाऱ्या लाखभर पाहुण्यांना काहीच विचारले नाही. वर्गात तीस मुलांसोबत बसायला लस लागते आणि एक लाख माणसांसोबत बसायला लागत नाही, या विसंगतीचे स्पष्टीकरण 'वर्ग बंदिस्त असतो' एवढ्यावर भागत नाही. इंडियाना विद्यापीठाच्या लससक्तीविरुद्ध विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा त्यांचा तातडीचा अर्ज ऑगस्ट २०२१ मध्ये ज्या न्यायमूर्तींनी फेटाळला त्या बॅरेटच होत्या, ज्यांच्या समारंभात जेन्किन्स बाधित झाले असे मानले जाते.

मराठी वाचकाला या वादाचे एक माप घरातच मिळेल. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये सर्वसामान्यांना प्रवेश मिळाला तो दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच. स्थानकांबाहेर मदतकक्षांवर प्रमाणपत्र तपासून, शिक्का मारून घेऊन मग पास मिळत असे. त्या वेळी लशीचे डोस पुरेसे मिळतही नव्हते आणि लोकल ही चैन नव्हे, विरारहून किंवा कल्याणहून येणाऱ्याच्या पोटाचा तो रस्ता आहे. त्या अटीवर टीका झाली, वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ते योग्यच झाले, कारण उपजीविकेच्या वाटेवर अट घालणाऱ्या सरकारने फार कडक कसोटीला उतरले पाहिजे. खेळाच्या तिकिटाला ती कसोटी लावायचे कारण नाही. सामना चुकला तर कोणाची चूल विझत नाही आणि तो दूरचित्रवाणीवर दिसतो. गहुंजे येथील भारत-इंग्लंड एकदिवसीय सामने मार्च २०२१ मध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये झाले, तेव्हा पुणेकरांनी कुरकूर केली असेल, पण कोणाचा हक्क हिरावला गेला असे कोणी गंभीरपणे म्हटले नाही. त्याच महिन्यात अहमदाबादला पहिले दोन टी-ट्वेंटी सामने हजारो प्रेक्षकांसमोर खेळवून उरलेले तीन रिकाम्या स्टेडियममध्ये घ्यावे लागले, ही धरसोड मात्र आधी मर्यादा जाहीर न केल्याचीच होती.

नियम कधी उठवायचा हा प्रश्न नियम कधी लावायचा याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि निर्बंधांच्या बाजूने बोलणारे तो टाळतात. एलएसयूने आपली अट ऑक्टोबर २०२१ मध्ये, रुग्णसंख्या घसरल्यावर, हंगाम चालू असतानाच मागे घेतली. काहींनी या माघारीला शरणागती म्हटले. मला ती अट जितकी योग्य वाटते तितकेच तिचे मागे घेणे योग्य वाटते. उणीव एकच राहिली: कोणत्या आकड्याला अट उठेल हे ऑगस्टमध्येच सांगितले असते, तर लस घेऊन आलेल्याला आपण फसलो असे वाटले नसते आणि न घेतलेल्याला आपण जिंकलो असे वाटले नसते.

नियम पाळून घेणे शक्यच नाही असे म्हणणाऱ्यांनी त्याच दारांवर काय तपासले जाते ते पाहावे. २०१७ पासून एसईसीच्या सर्व फुटबॉल स्टेडियममध्ये पारदर्शक प्लास्टिकची, १२ बाय ६ बाय १२ इंचांपेक्षा मोठी नसलेली पिशवीच आत नेता येते. बॉम्बच्या भीतीने आलेला हा नियम. दर शनिवारी लाखो माणसे तो पाळतात, बायका आपली पर्स मोटारीत ठेवून येतात, आणि माझ्या सामानात काय आहे ते विचारण्याचा अधिकार विद्यापीठाला कोणी दिला असे विचारत कोणी न्यायालयात गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. २०१९ पर्यंत याच कॉन्फरन्सने सर्वसाधारण गॅलरीत दारूविक्रीला बंदी ठेवली होती, तीही तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे सोसली. म्हणजे दारावर अडवण्याची यंत्रणा आहे, माणसे आहेत, रांगा आहेत आणि प्रेक्षकांना अडवून घेण्याची सवयही आहे. आरोग्याची अट त्या यादीत जोडायची तर एक काम तिकिटे विकण्यापूर्वी, शांत काळात करावे लागेल: गावाच्या रुग्णालयातील किती खाटा भरल्या की प्रवेशसंख्या किती टक्क्यांवर येईल आणि कोणता कागद लागेल, हे कॉन्फरन्सने, विद्यापीठाने आणि जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने मिळून लिहून ठेवणे, त्यात प्रशिक्षकाला मत नसणे, आणि अट लागल्यावर येऊ न इच्छिणाऱ्याला पूर्ण पैसे परत देणे. हंगामाच्या तिकिटाचे पैसे विद्यापीठे उन्हाळ्यातच घेऊन ठेवतात, तेव्हा परताव्याचे कलम घातले तर त्यांच्या तिजोरीला कळ लागेल, हे खरे आहे. मैदान भरण्याचा मोह ज्याला होतो त्याच्याच खिशाला तो निर्णय जाणवला पाहिजे. सध्या तो फक्त गावाच्या रुग्णालयाला जाणवतो, आणि रुग्णालयाला त्या तिकिटातला एक सेंटही मिळत नाही.